ज्याची पेटी, तो समोर

ती कुणाच्याही घरात शिरली की आधी दाराच्या कडीकडे बघायची, मग माणसांकडे. कडी वर-खाली करून पाहायची, कोयंड्यात बोट घालायची आणि मग हसून "कशा हा?" म्हणायची. आमच्या केंद्रात आली त्या पहिल्याच दिवशी तिनं माझ्या स्वयंपाकघराची कडी अशीच हलवली आणि म्हणाली, "मावशी, ही कडी बाहेरून चाकूनं उघडते. तुमाले माहीत हाये काय?" मला माहीत होतं. मीच दोनदा तशी उघडली होती. पण ते मी तिला सांगितलं नाही, कारण नव्या माणसाशी मी बोलतच नसे.

तिचं नाव तबस्सुम. अकोल्याच्या बसस्टँडसमोर तिच्या अब्बूंचा चाब्या बनवायचा ठेला होता. त्या ठेल्यावर बसून ती अभ्यास करायची, आणि त्यातूनच कॉम्प्युटरची इंजिनियर झाली. केंद्रात सगळे तिला चाबीवाली म्हणत, आधी चिडवायला, मग सवयीनं. तिला राग नव्हता. "डॉक्टरच्या पोरीले पेशंट आपोआप भेटते. मले कुलूप भेटते," म्हणायची.

आमचं केंद्र अमरावतीत बडनेरा रोडच्या आतल्या गल्लीत होतं. दोन खोल्या आणि मागे माझी चूल. नवऱ्याच्या, सासरच्या मारातून बाहेर पडू पाहणाऱ्या बायका तिथं यायच्या. मोठ्या ताई केंद्र चालवायच्या, मी झाडलोट, चहा आणि दुपारचं जेवण बघायची. ती सालं कपाशीवर बोंडअळी पडल्याची होती. शेतातून माणसं घरी येत ती गप्प येत, आणि त्या गप्पपणाचा मार बायकांच्या पाठीवर पडे. त्यात जवळजवळ प्रत्येक घराच्या कोपऱ्यात फवारणीच्या औषधाचा डबा ठेवलेला. बाई फोनवर रडली आणि मधेच फोन बंद झाला, की मोठ्या ताईंना आधी तो डबाच आठवायचा.

बायकांना गुपचूप निरोप धाडता यावा म्हणून ताईंनी चाबीवालीला बोलावलं. फोनवर चालेल असं काही बनव, म्हणाल्या. दुसरं कुणी असतं तर लगेच कामाला लागलं असतं. ही आठ दिवस नुसती विचारत फिरली. एकच प्रश्न, ज्याला त्याला. "चोर कोन हाये?"

ताई म्हणाल्या, "अगं, मोठमोठ्या कंपन्या सगळं वाचतात म्हणे."

"त्या दूरच्या चोराले मी पाहून घेईन. निरोप असा बांधून पाठवीन का रस्त्यात कोनाले वाचता येनार नाई, मलेबी नाई. पन ताई, तुमचा चोर घरात हाये. तो तिच्या बाजूले जेवते. तिचा फोन तिच्याआधी उचलते. त्याच्याजवळ घराची चाबी पयलेच हाये."

मी चहा ठेवून परत गेले आणि स्वयंपाकघराची कडी आतून लावून घेतली.

तिनं बनवलं ते वरून रांगोळीचं पुस्तक दिसायचं. नाव रांगोळी, चित्र रांगोळीचं. "हवामान नको, कापसाचा भाव नको, ते मानसं उघडतात. रांगोळी कोनताच बाप्या उघडत नाई," ती म्हणाली. आत ठिपके असत. ठरावीक ठिपके ठरावीक क्रमानं जोडले की खालचं दार उघडे आणि निरोप दिसत. क्रम चुकला तर नुसती रांगोळी. बायकांची खरी नावं तिनं ठेवू दिली नाहीत. भाज्यांची नावं दिली. कुणी चिवळ, कुणी घोळ, कुणी अंबाडी. मी तेवढी मावशीच राहिले.

प्रत्येक नवी गोष्ट ती आधी माझ्या हातात द्यायची. माझं शिक्षण चौथीपर्यंत. जोडाक्षर आलं की मी थांबते. मला लाज वाटायची. ती समोर मांडी घालून बसायची आणि माझ्या बोटाकडे बघायची. मी अडले की स्वतःच्या वहीत लिहायची. एकदा मी म्हटलं, "मले नाई येत हे, दुसऱ्या कोनाले दे." तर म्हणाली, "तुमी अडल्या त चूक माही हाये. तुमची नाई." आजवर माझ्या अडण्याला कुणी असं म्हटलं नव्हतं. दुपारी केंद्रातल्या सगळ्या कार्यकर्त्या खेड्यांवर गेल्या की केंद्राचा फोन माझ्याकडे राहू लागला तो तेव्हापासून. मी दोन-तीन शब्दांचं उत्तर लिहायची. हो. ताईंना सांगते. जेवलीस का.

तिचे आणि ताईंचे वाद मात्र रोज. तिचं म्हणणं, निरोप आला की फोननं आवाज करायचा नाही, वर काही दिसायचं नाही. बायका कुरकुरल्या, "मंग आला का नाई ते समजाव कसं?" शेवटी फक्त केंद्राचा फोन थरथरेल एवढं तिनं केलं. तिचं म्हणणं, निरोप एका दिवसात आपोआप पुसले जावेत. ताई म्हणाल्या, "आणि कोर्टात काय दाखवू? त्याच्या धमक्या बाई त्यातच लिहून ठेवते. तोच तर पुरावा." दोन दिवस दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. मग महिनाभर ठेवायचं ठरलं. चाबीवाली त्या दिवशी ताटावर बसून म्हणाली, "मावशी, जे जपून ठेवलं ते कधी ना कधी कोनाच्या तरी हाती लागते. पुसलं ते कोनाच्याच नाई. दोन्हीत नुकसान हाये. कोनतं नुकसान झेपते तेवढंच पाहाव लागते." आणि भाजी परत वाढून घेतली. जेवायला ती कधी लाजली नाही.

मग चिवळचा फोन म्हशीच्या हौदात पडला. भावानं दुसरा फोन दिला, पण त्यात रांगोळी नुसती रांगोळीच राहिली. आतलं काही परत आलं नाही. नवऱ्याच्या धमक्या, तारखा, सगळं गेलं. चिवळ केंद्राच्या पायरीवर बसून रडली आणि ताई चाबीवालीवर चिडल्या. "असलं कसलं कुलूप? मालकालाच आत जाता येत नाही!"

चाबीवालीनं ऐकून घेतलं. मग तिनं अब्बूंचे दोन नियम सांगितले. एक, कुणाच्या चाबीचा नमुना आपल्याजवळ ठेवायचा नाही. दोन, पेटी उघडायची तर ज्याची पेटी तो समोर पाहिजे. "आन् अब्बू म्हंतात, चाबी हरवल्यावर ज्या कुलपाले मी खोलू शकतो, त्याले चोरबी खोलू शकते. मी नवं दार ठेवलं त चिवळ येईल त्यातून, पन तिच्यामांगं कोन येईल ते मले दिसनार नाई."

पण बायका विसरतात, फोन फुटतात, लेकरं फोन आपटतात. सगळ्याजणी एका बाजूला झाल्या. शेवटी ती कबूल झाली. प्रत्येकीनं एक गुपित शब्द ठेवायचा. नव्या फोनात आपलं सिम टाकलं, शब्द बरोबर लिहिला, की मागचं सगळं दिसेल. फोन बऱ्याचदा लेकरांच्या हातात असे, म्हणून एका बाईचे निरोप दोन फोनांवर चालतील अशीही सोय केली. आता शब्द कोणता? मुलांची नावं नकोत, नवऱ्याला ठाऊक. देवाचं नाव नको, कुणीही ओळखेल. अवघड नको, बाई विसरेल.

मी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होते. कसं कोण जाणे, माझ्या तोंडून निघालं, "माहेरचं नाव ठेवा ना."

सगळ्यांनी वळून पाहिलं. मी खाली बघून सांगितलं, की आमच्यात लग्नात नाव बदलतात. माझंही बदललं. जुनं नाव रेशन कार्डावर नाही, मतदान कार्डावर नाही. आई गेल्यापासून त्या नावानं मला कुणी हाक मारलेली नाही. बाई दुसरं काहीही विसरेल, ते नाव विसरणार नाही.

चाबीवालीचं लग्न झालेलं नव्हतं, आणि त्यांच्यात मुलीचं नाव आहे तेच राहतं. तिनं विचारलं, "सासरच्याईले माहीत नसते काय ते?"

"कोनाच्या ध्यानातबी नाई राहत," मी म्हणाले. मी खोटं बोलले नव्हते. मला तसंच वाटत होतं. जे नाव कुणी घेत नाही, ते कुणाला माहीतच नाही, असं.

ताईंनी टेबलावर हात मारला. "बघा! आमची मावशी बोलत नाही, पण बोलली की बोलली." चाबीवालीनं काही विचारायला तोंड उघडलं होतं, ते तिनं मिटलं. त्या संध्याकाळी घरी जाताना मी रस्त्याच्या कडेनं नाही, मधून चालले.

अंबाडी बार्शीटाकळीकडची. मी तिचा चेहरा पाहिला नव्हता. तिचे निरोप दुपारी यायचे, नवरा शेतात गेला की. आधी दोन शब्द, मग चार ओळी. एकदा तिनं लिहिलं, "मावशी आज अंबाडीची भाजी केली, तुमच्या वाटची काढून ठेवली." मी वाचून कितीतरी वेळ फोन पदराखाली धरून बसले. मग मारहाणीचं येऊ लागलं. मग तिनं लेकीला घेऊन निघायचं ठरवलं. सोमवारी सकाळची बार्शीटाकळीची गाडी, दहापर्यंत अकोला स्टँड, तिथं आमची माणसं. सगळं तिनं लिहिलं, आणि मीच "बरं" म्हणून उत्तर दिलं.

आत काय लिहिलंय ते चाबीवालीला दिसत नसे. कुणाचे किती फोन जोडले आहेत, एवढंच तिच्या कॉम्प्युटरवर दिसायचं. रविवारी दिवस कलताना ती तेच बघत बसली होती. मला हाक मारून म्हणाली, "मावशी, अंबाडीनं नवा फोन घेतला काय?"

"नाई. तिचा जुनाच फुटका हाये."

"दोन फोन दिसून राह्यले. पंधरा दिवस झाले." तिनं खुर्ची माझ्याकडे वळवली. मग अगदी हळू विचारलं, "लग्नात नाव बदलते कोन?"

"नवरा. ताटात तांदूळ पसरतात, त्याच्यात तो अंगठीनं नवं नाव लिहिते."

हे मी बोलून गेले आणि मग मला ऐकू आलं. जुनं नाव पुसणाऱ्यालाच तर ते पक्कं माहीत असतं. त्यानं रांगोळी पाहिली असेल, केव्हातरी तिचं सिम आपल्या फोनात टाकलं असेल. गुपित शब्द विचारल्यावर त्याला फार विचारही करावा लागला नसेल.

चाबीवालीचा हात कीबोर्डवर तसाच राहिला होता. मी म्हटलं, "तिले सांग ना, येऊ नको म्हनून. आत्ताच्या आत्ता लिही."

"लिहिलं त तोच आधी वाचीन."

एवढं पक्कं दार तिनं बनवलं होतं, आणि त्यातून आता आम्हालाच आत हाक मारता येत नव्हती. फोन करावा तर तोही त्याच्याच हातात असायचा.

ताईंनी ठरवलं की त्या सकाळी पोलिसांना घेऊन गावाकडे निघतील. तरीही ती गाडीत बसली असेल तर, म्हणून आम्ही दोघी पहाटेच्या गाडीनं अकोल्याला गेलो आणि अब्बूंच्या ठेल्यावर उभ्या राहिलो. अब्बू बारीक अंगाचे, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांनी काही विचारलं नाही. मला स्टुलावर बसवलं आणि कानस घासू लागले.

दहाच्या सुमारास गाडी आली. माणसं उतरली, पोती उतरली. लेकीचा हात धरलेली बाई काही उतरली नाही. शेवटी एक माणूस उतरला. साधा पांढरा शर्ट, एका हातात लहान पत्र्याची पेटी, दुसऱ्या हातात फोन. पेटीवर लाल रंगानं फूल काढलेलं होतं. तो स्टँडच्या दारात उभा राहिला आणि एकेका बाईच्या तोंडाकडे बघू लागला. मग मान खाली घालून त्यानं काहीतरी टाइप केलं.

माझ्या कमरेच्या पिशवीत केंद्राचा फोन थरथरला.

चाबीवालीनं माझं मनगट धरलं. तोंड अब्बूंकडेच ठेवून म्हणाली, "मावशी, फोन काढू नका. खाली पाहू नका. तो हेच पाहून राह्यला, कोन फोन काढते ते."

फोन आणखी एकदा थरथरला. मी अब्बूंच्या हातातल्या चाबीकडे बघत राहिले. तिनं फोनला आवाज ठेवला असता, तर त्या दिवशी माझं काय झालं असतं, हे मी पुष्कळदा मनात आणते आणि सोडून देते.

तो फिरत फिरत ठेल्याशीच आला. माझ्यापासून दोन हातांवर. पेटी फळीवर ठेवून म्हणाला, "चाचा, हे कुलूप खोलून द्या."

अब्बूंनी पेटीकडे पाहिलं. "पेटी कोनाची?"

"बायकोची. चाबी हरवली तिची."

"मंग तिले घेऊन या."

"तिची तब्येत बरी नाई. घरी हाये. पैसे घ्या ना पाह्यजे तेवढे."

"ज्याची पेटी, तो समोर पाह्यजे," अब्बू म्हणाले आणि परत कानस घासू लागले. "तोडाची असंल त घरी दगड हायेच."

तो हसला. "कुलपाचं एवढं काय घेऊन बसले चाचा," म्हणाला, पेटी उचलली आणि गेला. तो दिसेनासा झाला तेव्हा चाबीवालीनं माझं मनगट सोडलं. मी फोन उघडला. अंबाडीच्या नावानं दोन निरोप होते. "मी आली. तुम्ही कुठे." आणि खाली, "मावशी, तुम्ही कोणत्या साडीत आहे."

ताईंना पोलीस मिळेपर्यंत दुपार झाली, मग त्यांच्याच जीपमध्ये बसून आम्हीही गावात गेलो. अंबाडी दारात आली. माझ्या मनात होती त्याहून लहान होती. उजव्या हाताला कोपरापर्यंत फडकं गुंडाळलेलं. लेक कुठंय विचारलं तर म्हणाली, आत्याकडे. पोलिसांनी विचारलं, जायचंय का. ती म्हणाली, "मले कुठीच नाई जायाचं. मी कोनाले काई लिहिलं नाई." सासू मागेच उभी होती. ताईंनी तीनतीनदा विचारलं, उत्तर तेच. निघताना तिनं एकेकीकडे पाहिलं आणि माझ्यावर नजर थांबवली. मावशी कोणती, ते तिला कळलं असावं. मी मात्र तोंडातून एक शब्द काढू शकले नाही.

परतताना मी रडून म्हटलं, "नाव मी सांगतलं."

"चाबी तुमी सांगतली, मावशी. भिंतीले दार मी पाडलं. अब्बूनं दुसऱ्या कोनासाठी कधी पेटी खोलली नाई, आन् मी पेटीवाली समोर नसताना खोलाची सोय करून ठेवली." त्या दिवसानंतर मी तिला कुणाच्या दाराची कडी हलवताना पाहिलं नाही.

तिनं गुपित शब्दाचं दार बुजवलं. पुढे दोघीतिघींचे निरोप कायमचे गेले, शिव्या तिनंच खाल्ल्या. ताईंनी सगळंच बंद करायला सांगितलं, तेव्हा मात्र ती अडून बसली. "बंद केलं त तो बाहेर राहीन, पन तीबी बाहेर राहीन. तिले एकच दार माहीत हाये." म्हणून रांगोळी चालूच राहिली. तो वाचत असेल हे ठाऊक असूनही अंबाडीचं नाव तिनं काढलं नाही.

वर्षभरानं तिला पुण्यात नोकरी लागली. जायच्या आदल्या दिवशी तिनं चिठ्ठ्या करून माझ्यापुढे टाकल्या. सहा उचलायला लावल्या. एकमेकांशी काही संबंध नसलेले सहा शब्द. ते मला मनातल्या मनात दहादा म्हणायला लावले आणि चिठ्ठ्या माझ्याच चुलीत घातल्या. "हे तुमचं कुलूप, केंद्राच्या फोनाचं. कोनाच्या लग्नात, बारशात, कागदावर हे नाई. मलेबी सांगू नका." मी त्यावर तिला दोन डबे भरून मिरचीचं लोणचं दिलं. बोलायचं पुष्कळ होतं, ते राहिलं. ते सहा शब्द माझे पाठ आहेत. या वहीतसुद्धा ते मी लिहिणार नाही.

गेल्या महिन्यात, दुपारी, फोन थरथरला. अंबाडी. एकच शब्द होता, "मावशी."

माझं बोट अक्षरांवर गेलं आणि थांबलं. तीच की तो? मी पुण्याला फोन लावला. चाबीवालीनं निरोप किती वाजता आला ते विचारलं. मग म्हणाली, "निरोप रस्त्यात कोनी वाचला नाई, हे मी कसम खाऊन सांगीन. पन लिहिनारं बोट कोनाचं, हे कोनतंच कुलूप सांगू शकत नाई, मावशी. याची चाबी माह्याजवळ नाई."

मी उत्तर लिहिलं नाही. पण दुसऱ्या आठवड्यापासून बाजाराच्या दिवशी बार्शीटाकळीला जाते. भाजीच्या रांगेत बसते, समोर अंबाडीच्या चार जुड्या ठेवून, तोंडावरचा पदर मागे घेऊन, येणाऱ्या-जाणाऱ्याला माझं तोंड दिसेल अशी. ज्याची पेटी, तो समोर पाहिजे. मग आपणही समोर असायला नको का? त्यानं ओळखलं तर काय होईल, ते मला ठाऊक आहे. पहिल्या बाजारी मी रांगेच्या टोकाला बसले होते, आता मधोमध बसते.

तीन बाजार झाले. ती आली नाही. परवा चौथा आहे.